तात्यांचं सुतक

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा एवढा भाग गाळून पुढे जातो — जणू देवीला माझ्याच तोंडून कळायचंय! तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही समोर नाही. तोंडाकडे बघून सांगायची वेळ आली असती तर आजही सांगितलं नसतं, हे आधीच कबूल करतो.

सकाळपासून बसतोय आणि उठतोय. पंप बंद केलाय का ते बघून आलो — बंदच होता. लांज्यात माझा काजूचा लहानसा कारखाना आहे. बायका बाहेर गर निवडतायत, त्यांना वाटतंय मालक आज हिशेबाला बसलाय. वाटू दे.

फुटबॉलपासून सुरुवात करतो. ते सोपं आहे.

मी रत्नागिरीला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या कॉलेजात फुटबॉलची टीम होती असं म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. क्रिकेटला किट होतं, कबड्डीला मॅट होती, आम्हाला एक बरा चेंडू होता आणि एक हवा सोडणारा. मैदान म्हणजे जांभ्याचा कातळ, त्यावर हात फिरवल्यासारखी लाल माती. गोलकीपरनं अंग टाकलं की कोपर सोलून निघायचं. आणि मी गोलकीपर होतो. का? पळायचा कंटाळा होता आणि झेलायची सवय होती.

ही सवय तात्यांमुळे लागली. तात्या म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, बाबांपेक्षा वयानं मोठे. लग्न केलं नाही. बाबा मुंबईला नोकरीला, त्यामुळे गावच्या घरात आई, मी आणि पडवीपलीकडच्या खोलीत तात्या. आंब्याच्या दिवसांत ते झाडावर आणि मी खाली. घळाच्या, म्हणजे आंबे काढायच्या काठीच्या, जाळीत न येणारा, पार टोकाचा आंबा ते हातानं तोडून खाली सोडायचे आणि मी झेलायचा. जमिनीला लागला की आंबा डागी, मग पेटीत घालायच्या लायकीचा नाही. माझा हात सुटला की वरून ओरडायचे, “हापूस हाय रं, धोंडा न्हाय!” मला मैदानावर कुणी काही शिकवलं नाही. जे यायचं ते तिथून आलं होतं.

कॉलेजसाठी मी रत्नागिरीत खोली घेऊन राहायला लागलो, तेव्हा तात्या दर आठवड्याला एसटीच्या ड्रायव्हरकडे पिशवी द्यायचे. भाजलेले काजू, फणसाची साठं, कधी घावनं. पिशवी घ्यायला मी एकटा गेलो तर वाटेत संपवेन म्हणून अर्धी टीम माझ्याबरोबर स्टँडवर यायची. तिथेच बाकावर बसून फडशा पडायचा. तात्यांना त्यांच्यातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं, पण “तात्या आहेत म्हणून आम्ही जगतो” असं सगळे म्हणायचे. हे लक्षात ठेवा — त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आमचा कॅप्टन सुहास. बंदरावरचा, घरची होडी. पहाटे बापाबरोबर मासळी उतरवून सरावाला यायचा आणि कुणी नाक मुरडलं की मुद्दाम त्यालाच मिठी मारायचा. साळवी सर जिमखान्याचे. त्यांना फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं पण पोरांमधलं कळायचं. आणि प्रथमेश — बॅकला खेळायचा, बारीक, कुणाला नाही म्हणता न येणारा. एवढी माणसं तुम्हाला पुरे आहेत.

त्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, आम्ही जिंकायला लागलो. दरवर्षी पहिल्याच मॅचला हरून संध्याकाळच्या आत घरी येणारे आम्ही! पहिली मॅच चिखलात झाली आणि समोरच्या बॅकनं स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारला. दुसरीत सुहासनं डोक्यानं गोल केला. तो म्हणतो मुद्दाम, आम्ही म्हणतो चेंडू येऊन आपटला. गणपती झाले, मुलं गावाहून परतली आणि सेमीफायनल आमच्याच मैदानावर होती. ती बरोबरीत सुटली. पेनल्टी शूटआउट. मी दोन अडवल्या.

लोक आत धावले. मला खांद्यावर घेतलं. माझं नाव ‘गडगा’ पडलं — आमच्याकडे बागेभोवती चिऱ्यांची भिंत घालतात ना, तो गडगा. कॉलेजच्या फाटकावर माझ्या फोटोचा बॅनर लागला. ज्या मुलींनी कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं त्यांनी मला नावानं हाक मारली. प्राचार्य व्हरांड्यात थांबून म्हणाले, “काय गडगे!”

आणि खरं काय होतं? पहिली पेनल्टी आली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. दुसरीच्या वेळीही. चेंडू येऊन अंगावर आपटला, एवढंच. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि मला ते एक क्षणही विसरता येत नव्हतं.

फायनल कुडाळला होती. ती जिंकली की पुढे मुंबई. समोरच्या टीमची मॅच बघायला सुहास मला मोटरसायकलवरून घेऊन गेला होता. त्यांचा एक पुढचा खेळाडू होता, त्याची किक पोस्टला लागली तर आवाज मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत आला. सुहास हसून म्हणाला, “हा तुझा गिऱ्हाईक, गडग्या.” मीही हसलो. येताना मागच्या सीटवर मी त्याचा शर्ट मुठीत धरून बसलो होतो; त्याला वाटलं रस्ता खराब आहे.

मार लागायची भीती नव्हती हो. हरायचीही नव्हती. आपण काय आहोत ते सगळ्यांसमोर उघडं पडेल — भीती ती होती. माझे डोळे मिटतात हे कुणीतरी बघेल. भित्र्या माणसाला कुणी भित्रा म्हटलेलं चालतं का? त्याला तर सगळ्यात कमी चालतं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी सुहासला फोन केला. बरं वाटत नाही म्हणालो. मला वाटलं तेवढ्यानं भागेल. तो म्हणाला, “ताप हाय काय? थांब, मी येतंय खोलीवर. डॉक्टरकडे नेतो, इंजेक्शन मारून गाडीत घालतो. तुझ्याशिवाय काय जाणार आम्ही?” फोनवर त्याच्या चपलांचा आवाजसुद्धा यायला लागला, निघालाच होता तो.

मी म्हणालो, “ताप नाही रे. तात्या गेले.”

बघा, मी हे किती वेळा मनात उगाळलंय. कुणाला तरी मारायचंच होतं तर आजी होती — पण ती आदल्या वर्षीच गेली होती, त्यांना माहीत होतं. बाबांचं नाव जिभेवर आलंच नाही. आईचं तर शक्यच नाही. तात्या आले. का आले? त्यांना बायको नव्हती, मुलं नव्हती, मागं विचारणारं कुणी नव्हतं. घरात ज्याला कुणी वाली नाही, तोच माझ्या हाताशी आला. घाईत तोंडातून निघालं असं मी स्वतःला कितीदा सांगून बघितलं. पण घाईतसुद्धा माणूस बरोबर निवडतोच की नाही?

पलीकडे चपलांचा आवाज थांबला. मग सुहास रडला. ज्या माणसाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी रडला. मी रडलो नाही. मी म्हणालो, आज संध्याकाळी उचलतील, दहा दिवस सुतक, मी निघालोय. सुतक म्हटल्यावर आपल्याकडे पुढे कुणी काही विचारत नाही. म्हणून तर ते सोयीचं.

दुपारी घरी पोहोचलो. मॅच रद्द झाली, असं आईला सांगितलं. तात्या खळ्यात होते. लवकर होणारं हळवं भात कापून आलं होतं, झोडणी चालू होती. ते माझ्याकडे बघून खूश झाले. “बरा झाला आलास. दोन हात मिलाले,” म्हणाले आणि माझ्या हातात पेंढी दिली. मी त्यांच्या शेजारी उभा राहून भात झोडलं. ज्यांना सकाळी मारलं होतं त्यांच्या शेजारी! त्यांच्या अंगाला घामाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास येत होता. मला एका जागी उभं राहवेना. पाणी प्यायला जात होतो, परत येत होतो, उगाच गोठ्यात डोकावत होतो.

दुसऱ्या दिवशी फायनल झाली. कुठल्या घटकेला मॅच सुरू झाली असेल, कुठल्या घटकेला हाफटाइम — सगळं मला शेतात उभ्याउभ्या कळत होतं. फोन मी बंद करून तांदळाच्या कणगीमागे ठेवला होता.

ते येतील हे माझ्या डोक्यात का आलं नाही? कुडाळहून रत्नागिरीला जायचं तर हायवे लांज्यावरूनच जातो. आणि मयत मित्राच्या घरचं, वाटेवरचं — न भेटता कोण पुढे जातं हो आपल्याकडे? परक्याच्या घरीसुद्धा माणूस दोन मिनिटं बसून येतो. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मला सुचली नाही. मी सुतकाचा फायदा घेतला आणि सुतकाला माणसं भेटायला येतात हेच विसरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढलं होतं, आई खालच्या मळ्यात कापणीला गेली होती. खळ्यात मी आणि तात्या. पाखाडीच्या पायऱ्यांवरून पावलांचा आवाज आला. सगळे एका रांगेत येत होते — पुढे साळवी सर, मागे सुहास, मागे सगळी टीम. शर्टांवर काळ्या फिती होत्या. खळ्याच्या कडेला त्यांनी चपला काढल्या.

मी हलू शकलो नाही. सुहास आला आणि त्यानं मला घट्ट धरलं. म्हणाला, “वाईट झालं रे. तात्या असे अचानक... आपण त्यांना एकदा पण बघितलं नाय.”

तात्या चार हातांवर उभे होते. हातात पेंढी होती, ती उगारलेली तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता मी बोलायला हवं होतं. काय झालं असतं? सुहासनं मला एक कानाखाली दिली असती. सरांनी मान हलवली असती. टीमनं वर्षभर माझी टर उडवली असती. एवढंच ना? आज हिशेब केला तर किती थोडकं वाटतं. पण मी सुहासच्या खांद्यावरून तात्यांकडे बघत राहिलो — आणि खरं सांगतो, माझे डोळे त्यांना विनवत होते. बोलू नका म्हणून.

सरांनी त्यांना हात जोडले आणि विचारलं, “आपण?”

तात्यांनी पेंढी खाली ठेवली. हात लुंगीला पुसले. “मी त्याचा धाकटा भाव,” म्हणाले. “बसा, बाबानु.”

खळ्यातच सगळे मांडी घालून बसले. तात्या मधे बसले, स्वतःच्या मयताला भेटायला आलेल्या माणसांच्या मधे. सरांनी रीतीप्रमाणे विचारलं, कशानं गेले, आजारी होते का. तात्यांनी खाली ठेवलेल्या पेंढीकडे बघितलं. माणसानं स्वतःचं मरण कसं ठरवावं? ते म्हणाले, “आजारी न्हाय काय. हीतच, झोडताना. छातीत कल आली नि बसला तो बसला.” मग म्हणाले, “तरास न्हाय झाला त्याला.” जणू आम्हालाच धीर देत होते.

सर म्हणाले, मुलांचा त्यांच्यावर फार जीव होता. काल मॅचच्या आधी आम्ही रेफरींना सांगितलं, दोन्ही टीम मैदानात उभ्या राहिल्या, दोन मिनिटं, प्रेक्षकसुद्धा. तात्यांनी मान वर केली. “समदी उबी ऱ्हायली?” त्यांनी विचारलं. “माज्या भावासाटी?” सर हो म्हणाले. तात्या जमिनीवर सांडलेले भाताचे दाणे वेचायला लागले. त्यांच्यासाठी तोवर आयुष्यात कोण उठून उभं राहिलं होतं?

मग प्रथमेश माझ्याजवळ सरकला. त्याच्या उजव्या हाताला लाकडी पट्टी बांधलेली होती. दुसरा गोलकीपर आमच्याकडे नव्हताच, मग माझे ग्लोव्हज घालून तोच उभा राहिला होता. हाफटाइमच्या आधीच बोट मोडलं, पण बदली कुणी नव्हतं म्हणून शेवटपर्यंत थांबला. त्यानं माझे ग्लोव्हज पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवले. “सात गोल खाल्ले रे,” तो म्हणाला. “तुझी जागा राखता नाही आली. माफ कर.”

माफ कर, म्हणाला. मला. आणि मी काय केलं असेल? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जाऊ दे, म्हणालो. मोठ्या मनानं!

निघताना कुणी ‘येतो’ म्हणालं नाही, सुतकाच्या घरातून तसं म्हणत नाहीत. नुसते उठले आणि गेले. चहापाणीही नाही. ती पोरं सकाळपासून उपाशी होती, आणि ज्यांचे काजू खाऊन ती वर्षभर खेळली त्यांच्याच खळ्यातून पाणी न पिता गेली. तात्यांचा हात घराकडे वळला होता, काहीतरी आणून द्यावं म्हणून. मग त्यांना आठवलं असणार.

पावलं खाली विरली. मी वाट बघत होतो की आता हात उगारतील, शिवी देतील. काहीच नाही. ते बावीवर गेले, पाणी ओढलं आणि डोक्यावरून आंघोळ केली, आपण मयताहून आल्यावर करतो तशी. ओल्या अंगानं माझ्याकडे आले नि म्हणाले, “आवशीला काय सांगू नको. तिला झोप यायची न्हाय.” आणि परत झोडणीला लागले. मला वाटलं — सुटलो!

आता जे सांगायचंय ते इथून पुढे आहे. खोटं बोललो, पळालो, हे वाईटच, पण तेवढंच असतं तर मी ते केव्हाच कुणाला तरी हसत सांगितलं असतं.

आमच्या गावात दसऱ्याला देवीची पालखी सोनं लुटायला बाहेर पडते. पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा. बाबा मुंबईला, म्हणून तो मान तात्यांचा. वर्षभर तात्या म्हणजे एका बाजूला पडलेला माणूस — ना संसार, ना पैसा, कुणाच्या कामाला बोलावलं तर जाणारे. पण दसऱ्याला ते धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून देवळाच्या पायरीवर उभे राहिले की सगळं गाव त्यांच्यासाठी थांबायचं. ते पुढे झाल्याशिवाय पालखी हलायची नाही. त्या एका दिवसावर ते बाकीचं वर्ष काढायचे.

दसरा सहा दिवसांवर होता. माझ्या लक्षात आलं की तात्या देवघरात जात नाहीत. रोजचा दिवा तेच लावायचे. आईला म्हणाले कंबर धरली, तूच लाव. मग गुरवाला निरोप गेला, या वर्षी खांदा लावायला जमणार नाही. मी धावत त्यांच्या खोलीत गेलो. असं काय करता, म्हणालो, कोण गेलंय, कसलं सुतक? तात्या खाटेवर बसले होते. रागावले नव्हते.

म्हणाले, “ती पोरा हात जोडून गेली. तिकडं मानसा उबी ऱ्हायली. नि मी माज्या तोंडानं व्हय म्हनलो. आता कुटल्या तोंडानं देवीला खांदा देव? दहा दिस जाव देत.”

मी म्हणू शकलो असतो की चला, आत्ता सुहासला फोन लावतो, खरं सांगतो, तुमचं सुतक आत्ता फिटतं. फोन खिशात होता. तात्या माझ्याकडे बघत होते — आज वाटतं, ते त्याचीच वाट बघत होते. मी म्हणालो, “बघा बुवा तुमचं.” आणि बाहेर आलो.

दसऱ्याला मी देवळात गेलो. ढोल वाजत होता. तात्या घरी. गुरवानं आमच्या घराचं नाव पुकारलं, एकदा, दोनदा. मी पुढे होऊ शकत होतो, त्याच घरातला होतो. पण तात्यांचं सुतक म्हणजे माझंही सुतकच की — ते पाळायची अक्कल मला नेमकी तेव्हा आली. वरच्या वाडीतला एकजण पुढे झाला आणि त्यानं पहिला खांदा लावला. लोक म्हणाले, म्हातारा थकला.

गावात मान एकदा सोडला की सोडला. पुढच्या वर्षी तात्या फेटा बांधून गेले तर वरच्या वाडीचे म्हणाले, आता तो आमचा. बैठक बसली. बाबा मुंबईहून रजा काढून आले आणि सगळ्या गावासमोर तात्यांवर ओरडले — बापजाद्यांचा मान, कुणाला विचारून सोडलात, असं काय आभाळ कोसळलं होतं? तात्या म्हणाले, “कंबर धरली व्हती.” बाबा त्यांच्याशी पुढे कितीतरी वर्षं नीट बोलले नाहीत. मी त्या बैठकीत होतो. दाराशी, खांबाला टेकून.

कॉलेजात मला सगळे जपत होते. पुढच्या हंगामात मी खेळलो नाही. तात्यांनंतर मन लागत नाही, असं सांगितलं. त्यांनी तेही खरं धरलं. प्रथमेशचं बोट वाकडंच राहिलं, पण गोलात तोच उभा राहायचा.

तात्यांच्या पिशव्या? त्या मीच बंद करायला सांगितल्या. खोलीवर मुंग्या होतात, म्हणालो. ते बरं म्हणाले.

माझ्या लग्नाला सगळी टीम आली. तात्यांना मी ‘मंडपात येऊ नका’ असं म्हटलं नाही, देवाशप्पथ म्हटलं नाही. ते आपणहून मागच्या अंगाला, आचाऱ्याच्या चुलींपाशी जाऊन बसले. पुढे कुणी “तात्या” म्हणून हाक मारली तर पंचाईत नको. नवा सदरा घातला होता, त्यावर धुराची काजळी बसली. अक्षता पडल्या तेव्हा ते तिथूनच टाकत होते. मी बोहल्यावरून बघितलं. बोलवायला माणूस पाठवला नाही.

गेल्या पावसाळ्यात तात्या गेले. झोडताना नाही, छातीत कळ येऊन नाही. महिनाभर अंथरुणावर होते, त्रास झाला. आमच्या गावात मानकरी गेला की देवळातून त्याच्या अंगावर शेला येतो. आला नाही. आईनं दोनदा पाखाडीकडे बघितलं. गुरव स्वतः खांदा द्यायला आला होता, पण हात रिकामे. मी अग्नी दिला, कारण त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी सुहासचा फोन आला. तो आता वडिलांची होडी चालवतो. लांज्यातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की माझ्या घरी मयत झालंय. तो म्हणाला, “तुझे धाकटे काका गेले म्हणे? तात्यांचे भाव? अरे, आम्ही आलो होतो तेव्हा कसे बसले होते आमच्याबरोबर. मोठा माणूस रे.”

मी हो म्हणालो.

“नाव काय होतं त्यांचं?” त्यानं विचारलं. “त्या दिवशी विचारायचंच राहिलं.”

घरात सुतक होतं, या वेळी खरं. बाबा पडवीत पाठ करून बसले होते, त्यांना ऐकू जाईल म्हणून मी खळ्यात उतरलो. सुहास थांबला होता. मला एक नाव सुचलं, ते मी त्याला सांगितलं.